भावाच्या नावावरची घोडदौड

मदाम शाहिनाझला घोड्याची भीती वाटायची. टीव्हीच्या पडद्यावर तिनं कितीतरी वाळवंटं भरधाव ओलांडली होती, किल्ल्यांच्या दारांतून उधळत बाहेर पडली होती. पण खरा घोडा जवळ येऊन नुसता फुरफुरला, तरी ती अंगरख्याचा घोळ गोळा करून मागं सरायची. तिला कुणी हसत नसे. ती नटी, तिचं काम चेहऱ्याचं. घोड्यावर बसायला दुसरी माणसं होती.

ती माणसं नझल्याची. पिरॅमिडच्या पायथ्याशी तबेलेवाल्यांची दाटीवाटीची वस्ती आहे, तिथून सिनेमाला घोडेही जायचे आणि स्वारही. राजपुत्र पळाला की वस्तीतला एक पोरगा त्याचे कपडे घालून पळायचा. राजकन्या पळाली की दुसरा पोरगा मिशी उतरवायचा, डोक्यावर विग चढवायचा, तिचा झगा घालायचा आणि पळायचा. बाईचा डुप्लिकेट पुरुषच असतो, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

हाजी बदावीच्या तबेल्यात हे काम थोरल्या खमीसच्या वाट्याला आलं, कारण तो अंगानं शेलाटा होता. नवं काम आलं की त्याची मिशी जायची, आणि मिशी गेली की कहवाखान्यात पाय ठेवायची सोय राहायची नाही.

"या, खमीसबाई. साखर किती घालू चहात?"

"अरे हळू बोल, लाजतेय ती."

खमीस त्यांच्याबरोबर हसायचा. मग घरी येऊन न जेवता भिंतीकडं तोंड करून पडायचा. आई विचारायची, "काय झालं रे?" तर म्हणायचा, "काही नाही, याम्मा. पोट भरलंय."

अतियात त्याच्या पाठची. चालायला शिकली तीच घोड्यांच्या पायांमधून. खरारा, बरसीमचा चारा, पाणी, खोगिरांची डागडुजी, सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. वयात आली तसं आईनं तिचं घोड्यावर बसणं बंद केलं. "आता लोकांच्या डोळ्यांत भरशील," एवढंच म्हणाली. पण घोड्याला रोज फिरवून आणावंच लागतं, नाहीतर तो जागच्या जागी खराब होतो. हाजी बदावीची कंबर गेलेली. खमीसचा पहाटे डोळा उघडत नसे. तेव्हा आईनंच मधला मार्ग काढला. खमीसचा पायघोळ गलाबिया अंगात, खमीसचंच मुंडासं डोक्याला, आणि पहाटेची फज्रची नमाज संपून माणसं बाहेर पडायच्या आत परत. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हाजीचा मुलगा किती कष्टाळू आहे.

शहबा नावाची करडी घोडी तिनंच तयार केली होती. त्या घोडीला अतियातच्या मांडीचा दाब कळायचा. खमीसचा कळायचा नाही.

एका साली रमजानच्या महिन्यात टीव्हीवर लावायला मोठी ऐतिहासिक मालिका निघाली. शाहिनाझ राजकन्या, आणि राजकन्येनं बापाच्या छावणीतून पळून जायचं होतं. अबूसीरच्या अलीकडं वाळवंटात तंबू पडले. अतियात बापाबरोबर चारापाणी घेऊन गेली होती. खमीस झगा-बुरखा घालून बाहेर आला, शहबावर बसला, आणि शहबानं त्याला पाडलं. पुन्हा बसला, पुन्हा पाडलं. दिग्दर्शक मम्दूह खुर्चीतून उठून सूर्याकडं बघायला लागला. कसरतींचं सगळं बघणारा कॅप्टन फौझी हाजीजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हाजी, ऊन चाललंय. तुझा पोरगा बसत नसेल तर मी दुसऱ्या तबेल्याचा घोडा मागवतो. मग पुढंही त्यांचेच घोडे येतील."

हाजीनं मान हलवली. मग तो पोरीपाशी आला.

"अतियात, तंबूत जा."

"कशाला, याबा?"

"खमीसचे कपडे घाल."

"खमीसचे?"

"म्हणजे त्या बाईचे. खमीसनं घातलेत ते." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "तोंड झाकलेलंच ठेव. आणि कुणाशी एक शब्द बोलायचा नाही."

तंबूत खमीस पेटीवर बसला होता. विग मांडीवर, ओठांवरचा रंग गालापर्यंत फासला गेलेला. "मी नाही आता बसणार," तो म्हणाला. "बापानं जीव घेतला तरी नाही." त्यानं झगा काढून बहिणीला दिला. त्यात त्याच्या अंगाची ऊब होती. तिचे कपडे बदलून होईपर्यंत तो तंबूच्या कापडाकडं तोंड करून उभा राहिला.

अतियात बाहेर आली, ती खमीस म्हणून. शहबानं तिचा हात हुंगला आणि शांत उभी राहिली. इशारा झाला. घोडी चौखूर सुटली, टेकाडाच्या धारेवरून गेली, पलीकडच्या मऊ उतरणीवर मागचे पाय रोवत, वाळू उडवत खाली उतरली आणि तंबूंना वळसा घालून परत आली. तेवढ्या वेळात अतियातच्या मनात काहीच नव्हतं. फक्त कानात वारा होता आणि मांडीखाली घोडी.

मम्दूह टाळ्या वाजवत पुढं आला. "शाब्बास, खमीस. मघाशी काय झालं होतं तुला? आता बघ कसा बसलास." मग मान तिरकी करून त्यानं तिला न्याहाळलं. "एकच गोष्ट. बाई घोड्यावर इतकी सरळ बसत नाही. फार पुरुषी वाटतं. जरा घाबर."

अतियातनं मान डोलावली. घाबरायचं कसं हे तिला सुचेना. मग तिला कनातीच्या सावलीत उभी असलेली मदाम शाहिनाझ दिसली. घोड्यांची रांग जवळून गेली तशी ती खांदे वर चढवून, हात छातीशी घेऊन मागं सरली होती. अतियातनं ते खांदे उचलले आणि पुन्हा दौडली.

"हां," मम्दूह म्हणाला. "आता अगदी बाई."

घराशी आल्यावर हाजी म्हणाला, "आज घोड्यावर खमीस होता." आईनं पुढं जोडलं, "कालही तोच होता आणि उद्याही तोच असेल. तुझं लग्न व्हायचंय."

अतियात चारा टाकायला गेली.

त्यानंतर तसंच चालू झालं. तंबूत खमीस जायचा आणि अतियात बाहेर यायची. काम झालं की अतियात आत जायची आणि खमीस बाहेर येऊन पाठीवर शाबासकीची थाप घ्यायचा. मिशी मात्र त्याला दर वेळी उतरवावी लागायचीच, नाहीतर संशय आला असता. कॅप्टन फौझीला चौथ्या-पाचव्या कामातच कळलं. त्यानं एकदा प्रॉडक्शनच्या माणसापाशी सहज विषय काढून पाहिला, की समजा एखादी मुलगीच घेतली तर? तो माणूस म्हणाला, "कॅप्टन, मुलगी पडली तर तिच्या बापाला मी काय तोंड दाखवू? आणि संघटनेचं कार्ड कुठनं आणू? तिथं बायकांचा रकानाच नाही." फौझीनं विषय सोडला. नंतर अतियात घोड्यावर चढत असताना तो रिकीब धरायला यायचा आणि तोंड दुसरीकडं करून म्हणायचा, "उजवीकडची जमीन भुसभुशीत आहे, खमीस." त्याच्याकडून तेवढंच.

एका मासिकात खमीसचा फोटो आला, हातात विग धरून हसतानाचा. 'इजिप्तमधली सर्वात धाडसी बाई', असं त्याखाली गमतीनं छापलं होतं. कहवाखान्यात आता त्याला कुणी चिडवेना. त्याच्या चहाला कुणी ना कुणी साखर घालून द्यायचं, न विचारता.

गीझ्यातल्या एका घरातून अतियातला मागणं आलं. मुलगा शिंपीकाम करायचा, माणसं साधी. मुलाची आई आली, शरबत प्याली, घर बघितलं, अतियातला जवळ बसवून तिचा हात हातात घेतला. घेतला आणि उलटा केला. तळव्यावर, बोटांच्या पेऱ्यांवर लगामाचे घट्टे होते. बाईनं अंगठ्यानं ते एक एक दाबून पाहिले.

"तबेल्याचं काम करते पोर," आई घाईनं म्हणाली. "बादल्या उचलते."

"बादलीचे घट्टे इथं नसतात, बहिणी," ती बाई म्हणाली. "आमच्यातही एक गाडीवान होता." तिनं हात हळूच परत ठेवला. "पोर चांगली आहे. पण हे हात मुलीचे नाहीत."

निरोप आलाच नाही. आई त्या दिवशी खूप रडली आणि रडता रडता हाजीला बोल लावत राहिली. अतियात स्वयंपाकघरात मुलूखिय्याची पालेभाजी बारीक चिरत होती. आपणही रडायला हवं असं तिला वाटलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग लसूण तुपात टाकला, भाजीवर ओतला, आणि भाजी चांगली व्हावी म्हणून फोडणी ओतताना बाया रिवाजानं जो श्वास आत ओढतात, तोही तिनं नेमका ओढला. भाजी चांगली झाली होती.

त्या दिवसापासून तिचं असंच होऊ लागलं. गोष्टी घडायच्या, ती त्या बघायची, आणि त्यांच्यातनं काही तिच्यापर्यंत पोचायचं नाही. घोड्यावर होती तोवर वारा तरी लागायचा.

मग तेही संपलं. सक्काऱ्याकडच्या एका कालव्याच्या बांधावर चित्रीकरण होतं. राजकन्या नव्हे, या वेळी जमीनदाराची बंडखोर बायको, पण नटी शाहिनाझच. शहबा म्हातारी झाली होती, घोडा नवा होता. बांध आदल्या दिवशी पाणी मारून बसवलेला. वरून घट्ट दिसत होता, आत चिखल. घोड्याचा पुढचा पाय आत गेला. अतियात त्याच्या मानेवरून पुढं फेकली गेली आणि डाव्या बाजूवर दगडांत पडली. विग उडाला. खालचे तिचे केस सुटून चिखलात पसरले.

माणसं धावली आणि चार पावलांवर थांबली.

"ही कोण?" दिग्दर्शकानं विचारलं.

तंबूतून खमीस अर्धवट कपड्यांत धावत आला आणि तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. प्रॉडक्शनच्या माणसानं एकदा भावाकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं, आणि त्याला सगळं समजलं. तो डोकं धरून खाली बसला.

"कागदावर खमीस आहे," तो म्हणाला. "पडायचं तर खमीसनंच पडायला हवं होतं."

"तिला आधी दवाखान्यात नेऊ या का?" फौझी म्हणाला.

"न्या. पण इथून नाही गेली ती. घरून गेली. तबेल्यात घोड्यानं लाथ मारली. हाजी, बरोबर ना?"

हाजीनं पोरीच्या हाताकडं पाहिलं. तो भलत्याच कोनात वळला होता. "बरोबर," तो म्हणाला.

अतियात शुद्धीवर होती. सगळं ऐकत होती. दुखत होतं, पण ते दुखणं शेजारच्या कुणाचं तरी असावं, तसं लांबचं वाटत होतं.

खरी गंमत पुढं झाली. खमीस बदावी चित्रीकरणात पडला, ही बातमी तोवर बाहेर गेली होती. मासिकवाले येणार, कलावंत भेटायला येणार, आणि खमीस तर धडधाकट. तेव्हा वस्तीतल्या कंपाउंडरनं दार लावून त्याच्या डाव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टर चढवलं. बाहेरच्या खोलीत गादीवर खमीस, खोटा हात उशीवर. आतल्या खोलीत खाटेवर अतियात, खरा हात उशीवर. लोक यायचे, संत्री आणायचे, साखरेचे पुडे आणायचे.

"जिवावरचं हातावर निभावलं, खमीस. देवाची कृपा."

"देवाची कृपा," खमीस म्हणायचा, आणि संत्री आत पाठवून द्यायचा. अतियात ती खायची. आई सोलून द्यायची.

एक दिवस मदाम शाहिनाझ स्वतः आली. गल्लीत सगळी वस्ती लोटली. बसबूसा मिठाईचा खोका खमीससमोर ठेवून ती थोडा वेळ बसली, आणि मग घरातल्या बायकांना भेटायला म्हणून आत आली. आई चहा करायला गेली. खोलीत दोघीच राहिल्या.

शाहिनाझनं तिच्या प्लास्टरकडं बघितलं. "तुला काय झालं?"

"घोड्यानं लाथ मारली, मदाम."

"डाव्या हातावर."

"हो."

"त्याचाही डावाच." ती खाटेच्या कडेला बसली. "तूच होतीस ना?"

"खमीस होता, मदाम."

"बरं, खमीस होता." शाहिनाझनं टोपलीतलं संत्रं उचललं आणि सोलायला लागली. नखांना रंग होता, तरी सोलत राहिली. "लोक मला म्हणतात, तुमची मांड काय पक्की आहे हो. मी आभार मानते. त्यांना काय सांगू, माझ्याऐवजी खमीस बसतो? मला वाटायचं, पुरुषाला माझे कपडे घालून माझ्यापेक्षा चांगली बाई होता येतं. फार लागायचं ते मला."

अतियातनं उशीवरचा हात जरा सरकवला.

"पुढच्या रमजानच्या मालिकेत मी त्या नट अद्लीची आई होणार आहे. गेल्या रमजानला बायको होते. तो माझ्याहून मोठा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग नाही म्हणा, मदाम."

"नाही म्हटलं तर आजीचं काम देतील." ती हसली, पण तोंडभर नाही. "तुला राग येतो का गं?"

अतियातनं खरंच आत शोधून बघितलं. "येत असेल, मदाम. मला कळत नाही."

शाहिनाझनं निम्मं संत्रं तिच्या उजव्या हातात ठेवलं आणि निम्मं स्वतः खाल्लं. आई चहा घेऊन आली तेव्हा दोघी बिया हातात धरून बसल्या होत्या. पुन्हा ती कधी आली नाही. कुणापाशी काही बोललीही नसावी. बोलली असती तर वस्तीला कळलं असतं.

अतियातचा हात सांधला, पण बोटांत जोर आला नाही. लगाम धरला की थोड्या वेळानं बोटं मुंग्या येऊन सुटायची. घोड्यावर बसणं थांबलं. आणि खमीसलाही थांबावं लागलं, कारण पडला तो होता. त्यानं जाहीर केलं की हात कामातून गेला. त्याच्या तोंडी ते शोभून दिसलं. फौझी निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी लोक खमीसलाच बोलवायला लागले. स्वारांना शिकवायला, कुठं काय करायचं ते दाखवायला. तो कॅप्टन खमीस झाला. संध्याकाळी घरी येऊन बहिणीला विचारायचा, "चढावर घोडा वळवायचा असेल तर कसं?" ती चारा निवडता निवडता सांगायची. दुसऱ्या दिवशी तो ते पोरांना सांगायचा.

एक गोष्ट मात्र विचित्र झाली. प्लास्टर निघालं तरी खमीस डावा हात अंगाशी धरूनच ठेवायचा, लोकांना दिसावं म्हणून. मग घरातही. मग झोपेतही. लग्न झालं, पोरं झाली, पोरांनी कधी बापाचा तो हात वर गेलेला बघितला नाही. शेवटी एकदा सदरा घालताना हात खरोखरच वर जाईना. डॉक्टरनं चाचपून सांगितलं, "इतकी वर्षं हलवलाच नाही, सांधा आवळणारच." खमीस घरी येऊन बहिणीसमोर बसला आणि म्हणाला, "आता खरं झालं बघ." अतियातनं तेल गरम केलं आणि त्याचा खांदा चोळून दिला. रोज देऊ लागली.

दर रमजानला कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर त्या जुन्या मालिका पुन्हा लागायच्या. इफ्तार झाल्यावर घर टीव्हीसमोर जमायचं. राजकन्या टेकाडावरून दौडत यायची. खमीसची पोरं ओरडायची, "बाबा आले." अतियातही बघायची. पडद्यावरची ती पाठ आपली आहे, हे तिला ठाऊक होतं, जसं एखाद्याला ठाऊक असतं की आपला जन्म अमुक घरात झाला.

आई गेली, हाजी गेला. मग मदाम शाहिनाझही गेली. शेवटी शेवटी ती फक्त आज्याच करत होती. ती गेल्यावर एका वाहिनीनं तिच्या आठवणींचा कार्यक्रम ठरवला, आणि इंजी नावाची तरुण निवेदिका कॅमेरा घेऊन तबेल्यात आली. खमीसला खुर्चीत बसवलं, मागं घोडे उभे केले. अतियात थोड्या अंतरावर बादल्या भरत होती.

इंजीनं चांगले प्रश्न विचारले. मदाम कशा होत्या, घोड्याला घाबरायच्या का. मग हसून म्हणाली, "कॅप्टन, इतकी वर्षं तुम्ही बाई होऊन घोड्यावर बसलात. बाई होऊन दौडताना कसं वाटायचं?"

खमीसनं बादल्यांकडं पाहिलं. इंजीनं प्रश्न पुन्हा विचारला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "तिला विचारा."

"कुणाला?"

"माझ्या बहिणीला. ती तिकडं आहे, बादल्यांपाशी. सगळं तिनं केलंय. मी तंबूत बसायचो." त्याचा आवाज सपाट होता. "पडली तीसुद्धा तीच. आता शाहिनाझ गेली. मेलेल्या बाईच्या नावानं आणखी खोटं बोलवत नाही."

कॅमेरा धरणाऱ्यानं इंजीकडं बघितलं. इंजी उठून जवळजवळ धावतच अतियातकडं आली, हातातला माइक पुढं करून. "खाला, खरं आहे हे?"

"हो," अतियात म्हणाली.

"आणि आज तुमच्या भावानं हे सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्हाला काय वाटतंय?"

अतियातनं खमीसकडं पाहिलं. तो खुर्चीत मान खाली घालून बसला होता, साठीला टेकलेला माणूस. या क्षणाची तिनं कधी वाट पाहिली होती का, ते तिला आठवेना.

"काही नाही वाटत, बाळ."

"राग? आनंद? काहीतरी असेल ना."

"घोड्यांची पाण्याची वेळ झालीय," अतियात म्हणाली, आणि बादली उचलली.

इंजी तरी खूश होऊन गेली. म्हणाली, यावर खूप चर्चा होईल. दोन दिवसांनी तिचा फोन आला, आणि तिचा आवाज बसलेला होता. "खाला, वरच्यांनी ते काढून टाकलं. म्हणाले, मदाम आत्ताच गेल्यात, त्यांच्या चाहत्यांना हे आवडायचं नाही. आणि पुरावा काय म्हणाले. मी भांडले. मला म्हणाले, तू छान दिसतेस, हसून प्रश्न विचारत जा, बाकीचं आम्ही बघतो."

"बरं," अतियात म्हणाली. "तू जेवलीस का?"

इंजीनं नाक ओढलं. मग म्हणाली, "नाही अजून."

"जेव आधी."

कार्यक्रम लागला. खमीस पडद्यावर दिसला, मदाम फार मोठ्या मनाच्या होत्या असं म्हणाला, आणि संपलं. खमीस उठून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. अतियातनं टीव्ही बंद केला.

पण वस्तीत कोणती गोष्ट झाकून राहते? तबेल्यात चित्रीकरणाच्या वेळी मोतद्दार होते, त्यांच्या बायका होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अतियात भाकरीच्या भट्टीपुढं रांगेत उभी राहिली, तर शेजारची हमीदा तिच्यापाशी सरकली. हमीदा तिच्याच वयाची, सात पोरांची आई, तोंडानं फटकळ.

"काय गं, तुझ्या भावानं म्हणे खरं सांगितलं. आणि त्या मेल्यांनी कापलं."

"कापलं."

"कापू दे. आम्हाला कुठं ऐकायचं होतं? आम्हाला पहिल्या रमजानपासून ठाऊक आहे."

अतियातनं मान वळवली. "काय ठाऊक आहे?"

"अगं, पहाटे खमीसच्या गलाबियात कोण जायचं ते आम्ही भिंतीआडून बघत नव्हतो होय? तुझी बसायची ढब वस्तीतली कुठली पोर ओळखणार नाही? माझ्या घरी टीव्ही होता, सगळ्या माझ्याकडं यायच्या. तू दिसलीस की म्हणायचो, अतियात आली, अतियात आली. पुरुष खोलीत असले की नुसत्या एकमेकींचे हात दाबायचो."

मागं उभी असलेली दुसरी एक म्हातारी म्हणाली, "माझी सासू तर तुझ्यासाठी दर वेळी कुराणातली आयत पढून फुंकर मारायची. टीव्हीवर."

"मग कधी बोलला का नाहीत?" अतियातनं विचारलं.

"बोलून? तुझं लग्न मोडलं असतं."

ते कधीच मोडलं होतं. हमीदालाही ते आठवलं असावं, कारण तिनं जीभ चावली, मग तिला हसू फुटलं, आणि म्हातारीलाही. अतियात त्यांच्या तोंडांकडं बघत राहिली. छातीत काहीतरी हललं; ते हसू होतं की आणखी काही, हे तिला कळलं नाही.

"सगळ्यांत चांगली कुठली होती?" तिनं विचारलं. असं तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"लाल झग्यातली," हमीदा म्हणाली. "खजुरांच्या बागेतून येतेस ती."

"छे," म्हातारी म्हणाली. "ती कसली? दोन घोडे बरोबर घेऊन नदीत शिरते ती."

"ती अतियात नव्हतीच. ती दुसऱ्या तबेल्याची होती."

"तीच होती. मला सांगतेस?"

अतियातला लाल झगा आठवेना, नदीही आठवेना. दोघी भांडत राहिल्या, रांग पुढं सरकली, आणि भट्टीवाल्यानं तिच्या टोपलीत गरम भाकरी मोजून टाकल्या. ती बाजूला झाली, पण घरी गेली नाही. भट्टीच्या भिंतीला टेकून, टोपली कमरेवर घेऊन ती ऐकत उभी राहिली, नदीत काय झालं होतं ते.